वीस गोळे, वीस कुंड्या

ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या सोसायट्यांमध्ये हल्ली दोन छंद बरोबरीने दिसतात: बाल्कनीतली बाग आणि शनिवार-रविवारचे पॉटरीचे वर्ग. वर्गात जाणारा माणूस पहिले काही आठवडे वाट्या, मग आणि एखादी वाकडी फुलदाणी घरी आणतो. कौतुक होतं, शोकेस भरतं आणि मग प्रश्न पडतो की आता करायचं काय. उत्तर त्याच्याच बाल्कनीत असतं. नर्सरीतून आणलेली काळी प्लास्टिकची कुंडी दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होते, मुळं तापतात आणि जुलैच्या पावसात आतला चिखल आठवडाभर निथळत नाही. भाजलेल्या मातीच्या भिंतीतून पाणी झिरपत राहतं, त्यामुळे उन्हाळ्यात कुंडी गार राहते आणि पावसाळ्यात मुळं कमी कुजतात. चाक येत असेल तर अशा कुंड्या विकत कशाला आणायच्या?

हा लेख ज्यांना गोळा चाकाच्या मध्यावर बसवता येतो, पण एका कुंडीला अर्धा तास लागतो, त्यांच्यासाठी आहे. एका सकाळी एकाच मापाच्या वीस कुंड्या निघाल्या तर बाग उभी राहते; एका सकाळी दोन निघाल्या तर छंदच सुटतो.

आधी एक समज काढून टाकू. झटपट काम म्हणजे चाक जोरात फिरवणं नव्हे. मुरलेल्या कुंभाराचे हात नीट पाहा, ते सावकाशच चालतात. पण जे करायचं ते एकदाच करतात. आपण नवशिके भिंत सहा वेळा उचलतो, चार वेळा काठ सारखा करतो, आतलं पाणी तीनदा टिपतो आणि शेवटी माती थकून बसते. वाचवायच्या त्या या फेऱ्या. आणि त्यांतल्या बऱ्याचशा चाकावर बसण्याच्या आधीच वाचतात, मातीत आणि तागडीवर.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर मध्य रेल्वेची धीमी लोकल पकडून शीवला उतरा आणि धारावीच्या कुंभारवाड्यात जा. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची ही वसाहत १९३० च्या दशकापासून तिथे आहे. आधी विचारा, मग उभे राहा, फोटो नंतर. पहिल्या दहा मिनिटांत बोटांकडे पाहू नका, माणसाच्या आजूबाजूला काय ठेवलंय ते पाहा. मळलेली माती हाताशी, पाण्याचं भांडं एका ठरलेल्या जागी, दोरा एका ठरलेल्या जागी, तयार माल ठेवायची जागा पाठीमागे नाही तर बाजूला. तो माणूस उठत नाही. आपण मात्र प्रत्येक कुंडीनंतर फळी शोधायला उठतो.

माती: इथेच निम्मी सकाळ वाचते

डोंबिवली पश्चिमेला कुंभारखाणपाडा आहे. नावात कुंभारही आहे आणि खाणही, पण आज तिथे इमारती आहेत. तेव्हा माती कुठून आणायची, हा पहिला व्यावहारिक प्रश्न.

सर्वांत सोपं म्हणजे पॉटरीचं सामान विकणाऱ्याकडून तयार टेराकोटा मातीच्या पिशव्या घेणं. फ्लॅटमध्ये काम करणाऱ्याने हेच करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. माती गाळायला, निवळायला, वाळवायला अंगण लागतं आणि ते आपल्याकडे नसतं. पण टिटवाळा, बदलापूर, भिवंडी, शहापूरकडे कुणाचं शेत किंवा घर असेल, तर भातखाचरातली किंवा तळ्याच्या गाळातली चिकण माती वापरून पाहायला हरकत नाही. खाडीकाठची माती मात्र घेऊ नका. उल्हासची असो वा ठाण्याची, खाडीच्या गाळात मीठ असतं. कुंडी भाजल्यावर ते पांढऱ्या थराने बाहेर येतं, भिंतीचे पापुद्रे सुटतात आणि झाडालाही ते सोसत नाही. शिवाय त्या गाळात शिंपल्यांचे तुकडे असतात, त्यांची गोष्ट पुढे येतेच.

आपल्याकडची काळी माती चिकट म्हणून मोहात पाडते. ती बेसॉल्टच्या झिजेतून झालेली असते आणि ओली असताना जितकी फुगते, तितकीच वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेताला पडलेल्या भेगा आठवा. तशाच कुंडीला पडतील. कोकणातली जांभ्याची लाल माती रंगाने देखणी, पण तिला चिवटपणा कमी. भिंत उचलली की फाटते. दोन्हींचं मिश्रण करून, त्यात भाजलेल्या मातीचा चुरा घातला तर काम होऊ शकतं. किती प्रमाणात, ते प्रत्येक ठिकाणच्या मातीवर ठरेल.

ठरवायला प्रयोगशाळा लागत नाही. पेन्सिलीएवढी जाड वळी करून बोटाभोवती गुंडाळा. खोल भेगा पडल्या तर चिवटपणा कमी आहे. एकही भेग नाही आणि माती बोटाला चिकटून बसली, तर ती फार चिकट आहे, आकसेल. मग त्याच मातीची चपटी पट्टी करून तिच्यावर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ मारा. वाळल्यावर मोजा, भाजल्यावर पुन्हा मोजा. रेघ ९ सेंटिमीटर भरली तर आकसणं १० टक्के. चांगल्या कुंडीच्या मातीत ते याच्याच आसपास असतं. हा आकडा वहीत लिहून ठेवा, कारण सहा इंची कुंडी हवी असेल तर चाकावर ती पावणेसात इंचांची करावी लागते. वर्गात बनवलेलं भांडं भट्टीतून आल्यावर बारकं का वाटतं, त्याचं कारण हेच.

चुरा म्हणजे पॉटरीवाले ज्याला ग्रॉग म्हणतात तो. बागेच्या कुंडीला तो हवाच. त्याने भिंत उभी राहते, वाळताना पाणी सुटायला वाट मिळते आणि आकसणं कमी होतं. फुटक्या कुंड्यांची खापरं कुटून, मच्छरदाणीच्या जाळीतून चाळून घेतली तर फुकटात होतो. मातीच्या दहा ते वीस टक्के पुरे. वीटभट्टीवरचा चुराही चालतो. पावसाळा सरला की ठाणे जिल्ह्यात भट्ट्या लागतात, तेव्हा तो सहज मिळतो. फक्त त्यात चुन्याचे खडे नाहीत ना, ते पाहा. ग्रॉगमुळे तळहात खरवडतात. नवख्याने पहिल्या दिवशी वीस कुंड्या ओढल्या तर दुसऱ्या दिवशी भाजी चिरताना त्याला ते कळेल. भुकटी बारीक चाळली की त्रास कमी होतो.

आता शिंपले. शिंपल्याचा तुकडा असो वा चुनखडीचा ज्वारीएवढा खडा, भट्टीत भाजून त्याचा कळीचा चुना होतो. कुंडी बाहेर येते तेव्हा धडधाकट दिसते. मग आपली दमट हवा आपलं काम करते: चुना ओल खातो, फुगतो आणि आठवड्याने, कधी महिन्याने, भिंतीतून नाण्याएवढी कपची उडवतो. खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसला की समजावं, मातीत चुना होता. म्हणून माती स्वतः आणली असेल तर ती पाण्यात कालवून बारीक जाळीतून गाळल्याशिवाय वापरायची नाही. मोठ्या भांड्यात कालवा, गाळा, दोन दिवस निवळू द्या, वरचं पाणी काढा आणि जाड सुती कापडात बांधून टांगा.

शाडूबद्दल दोन शब्द, कारण गणपतीनंतर हा प्रश्न हमखास येतो. शाडू मूर्तीसाठी असते आणि मूर्ती भाजायची नसते. विसर्जनातून परत आलेल्या शाडूत रंग, धागे, निर्माल्य काय काय असतं. ती पुन्हा मूर्तिकाराकडे जाऊ द्या, चाकावर आणू नका.

माती चपातीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट हवी. वर्गात शिकवताना मऊ माती देतात, कारण ती मध्यावर लवकर येते. कुंडीला ती नको. मऊ मातीची भिंत उभी राहत नाही आणि चाकावरून उचलताना कुंडी लंबगोल होते. मळायला प्लास्टर ऑफ पॅरिसची लादी किंवा सिमेंटचा पत्रा घ्या. गोळा तारेने मधोमध कापा, एक अर्ध दुसऱ्यावर जोरात आपटा, पुन्हा कापा. पंचवीस-तीस वेळा केलं की हवा निघते आणि कापलेल्या तोंडावर रंग एकसारखा दिसतो. खालच्या मजल्यावरच्यांची दुपारची झोप सांभाळून करा, एवढंच.

तागडी

इथून पुढे स्वयंपाकघरातला डिजिटल काटा हे तुमचं सर्वांत महत्त्वाचं अवजार. चार इंची कुंडीला अर्धा किलो ओली माती लागते, सहा इंचीला सव्वा किलो, आठ इंचीला पावणेतीन किलो आणि दहा इंचीला पाच किलोच्या आसपास. हात बसला की भिंत पातळ होईल आणि हे आकडे थोडे उतरतील. वीस सहा इंची कुंड्या म्हणजे पंचवीस किलो माती. सगळे गोळे आदल्या रात्रीच तोलून, थापटून गोल करून ओल्या कापडाखाली ठेवा. गोळा जितका गोल, तितका तो चाकावर लवकर मध्यावर येतो. तिथे वाचलेलं अर्धं मिनिट वीसदा वाचतं.

ब्रिटिश कुंभारांनी तर कुंडीचं मापच असं ठरवलं होतं. मातीच्या एका ठरलेल्या वजनाला ते ‘कास्ट’ म्हणत आणि त्यातून जितक्या कुंड्या निघतील तो आकडा म्हणजे कुंडीचा नंबर. साठची कुंडी तीन इंचांच्या आसपास, बत्तीसची सहा इंचांच्या आसपास. नंबर वाढला की कुंडी लहान. यॉर्कशायरमध्ये हॅलिफॅक्सजवळ सॉइल हिल इथे आयझॅक बटन नावाचा कुंभार अखेरची अनेक वर्षं माती काढण्यापासून भट्टी लावण्यापर्यंत सगळं एकट्याने करत होता. त्याच्या कामावर १९६५ साली लघुपट निघाला. मिळाला तर पाहा, आणि त्याचे हात एका भांड्यावर किती वेळा वर जातात ते मोजा.

आपल्याकडच्या कुंभाराची जुनी रीत वेगळी. तो मोठा गोळा चाकावर चढवतो आणि त्याच्या शेंड्यातून एकामागून एक पणत्या, बोळकी काढत जातो. पणतीला याच्याहून वेगवान पद्धत नाही. तीन इंचांपर्यंतच्या रोपकुंड्यांना ती वापरा. त्याहून मोठ्या कुंडीला नको, कारण बूड दाबलं जात नाही आणि प्रत्येक वेळी किती माती घेतली याचा अंदाज चुकतो.

चाकावर

चाकाशेजारी एक काठी उभी करा. मातीच्या गोळ्यात खोचलेली सरळ काडी असली तरी चालेल, पण ती हलता कामा नये. तिच्या वरच्या टोकाला आडवी काडी बांधा आणि तिचं टोक असं ठेवा की कुंडी हव्या त्या उंचीला आणि हव्या त्या रुंदीला पोचली की काठ त्या टोकाला लागेल न लागेल. ही खूण लावली की फूटपट्टी बंद. वीस कुंड्या एकमेकींशी जुळतात त्या या काडीमुळे, डोळ्यामुळे नव्हे.

गोळा कोरड्या चाकावर मध्यावर आपटा, चाक सावकाश फिरवत थापटून जमेल तितका मध्यावर आणा आणि मगच पाणी लावा. विजेचं चाक असेल तर मध्यावर आणताना वेग जास्त, भिंत उचलताना निम्मा आणि काठ करताना त्याहून कमी. गोळा उंच ठेवू नका. कुंडीचं बूड तोंडाच्या दोन तृतीयांश असतं, म्हणजे सहा इंचीला चार इंच; म्हणून गोळा सुरुवातीलाच साडेचार इंच रुंद आणि बसका करा. उंच, निमुळता गोळा करून मग तो आतून रुंदवत बसणं ही नवशिक्याची सर्वांत महागडी सवय.

अंगठे सरळ खाली घाला आणि तळाशी एक सेंटिमीटर माती ठेवून थांबा. बूड रुंद करा, बोटांनी आतून एकदा दाबून घ्या. आता करंगळीने बुडाच्या मध्यावर आरपार भोक पाडा, दीड सेंटिमीटरचं. वर्गात भोक नंतर पाडायला शिकवतात. कुंडीत ते आत्ताच पाडलं तर आत साचणारं पाणी त्यातूनच जातं, स्पंज फिरवावा लागत नाही आणि बुडाच्या मध्यावर वाळताना जी वळणदार चीर पडते ती पडायला जागाच उरत नाही. आकसून भोक बारीक होईल, म्हणून पाडताना थोडं मोठंच पाडा.

भिंत तीनदा उचलायची. पहिली उचल सर्वांत महत्त्वाची: बुडाच्या कोपऱ्यात जी जाड माती असते ती इथेच वर गेली पाहिजे, नाही तर कुंडी खाली जड आणि वर पातळ होते. डावा हात आत, उजव्या हाताची बोटं बाहेर, दोन्ही एकमेकांसमोर. बोटं खालून वर जायला जेवढा वेळ लागेल तेवढ्यात चाकाने बरेच फेरे घेतलेले असतात. म्हणून हात हळू. दुसऱ्या उचलीत भिंत उंचीला पोचते. तिसरीत पट्टी घ्या, लाकडाची, जुन्या स्टीलच्या फूटपट्टीची किंवा घासून गुळगुळीत केलेली करवंटी, आणि भिंत बाहेरून सरळ, थोडी तिरपी करा. काडीच्या टोकाला काठ लागला की थांबा. ती चौथी उचल, जी ‘जरा बरी दिसावी’ म्हणून मारावीशी वाटते, ती नको.

काठाजवळ दाब सोडायचा, म्हणजे वरच्या एक इंचात माती जाड राहते. पट्टीच्या कोपऱ्याने त्या जाड भागाच्या खाली एक रेघ दाबली की कुंडीला रुंद कंगोरा येतो. ही शोभा नव्हे. कुंडी उचलताना माणूस काठालाच धरतो, आणि एकात एक रचल्यावर भार काठावरच येतो.

आकार सरळ तिरपा ठेवायचा, पोट काढायचं नाही. मोहात पाडणारा माठासारखा गोल आकार झाडाला शिक्षा आहे: दोन वर्षांनी कुंडी बदलायची वेळ आली की मुळांचा गड्डा अरुंद तोंडातून निघत नाही, आणि मग कुंडी फोडावी लागते किंवा मुळं.

शेवटी लाकडी सुरीने बुडाची बाहेरची कड तिरकी कापून घ्या. एवढं केलं की कुंडी अर्धवट वाळल्यावर चाकावर उलटी बसवून तासायची गरज राहत नाही. तासणं वगळलं की निम्मा वेळ वाचतो. बागेच्या कुंडीला पिळाच्या तारेने कापलेलं बूड पुरेसं आहे. चाक अगदी हळू ठेवून तार बुडाखालून ओढा, हात कोरडे करा, दोन्ही तळवे बुडाशी लावून कुंडी अलगद वळवत उचला. काठ जरा वेडावाकडा होईल. फळीवर ठेवल्यावर बोटाने हलकेच गोल करा. आठ इंचांपासून पुढे हाताने उचलू नका. फरशीच्या कामातून उरलेली सिरॅमिक टाइल उलटी, म्हणजे खरखरीत बाजू वर करून, मातीच्या पातळ थराने चाकावर चिकटवा आणि कुंडी तिच्यावरच घडवा. कुंडी टाइलसकट उचलायची.

सरावाला पहिल्या तीन कुंड्या तारेने उभ्या मधोमध कापून बघा. भिंतीचा छेद जे सांगतो ते शिक्षकही सांगत नाही. खाली जाडी कुठे राहिली, हात कुठे थांबला, सगळं दिसतं. कापलेली माती पुन्हा मळा, वाया काही जात नाही. सहा इंची कुंडीला चार-पाच मिनिटं लागू लागली की समजा जमलं. त्याखाली यायला वर्षं जातात, आणि घरच्या बागेला त्याची गरजही नाही.

एक सूचना घराघरातल्या प्लंबरच्या वतीने. मातीचं पाणी बेसिनमध्ये ओतू नका. तीन बादल्या ठेवा: पहिलीत हात धुवा, दुसरीत विसळा, तिसरीत शेवटचा हात. रात्रभर निवळलं की वरचं पाणी झाडांना, खालचा गाळ पुन्हा मातीत. आणि वाळलेली माती झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. ती धूळ फुफ्फुसांना वाईट.

वाळवण आणि आपला पाऊस

कुंडी काठाला हात लावता येईल इतकी वाळली की उलटी करा. काठ आधी वाळतो, बूड मागे राहतं आणि या ओढाताणीत चीर पडते. उलटी केली की दोघं बरोबर येतात. याच वेळी बुडाखालून सुरीने तीन खाचा कापा, कडेपासून भोकापर्यंत. बरेच जण तीन पाय चिकटवतात. ते दिसतात छान, पण वेळ खातात आणि निघून येतात. खाच कापायला क्षणभर लागतो, पाणी खालून निसटतं आणि बशी ठेवायची गरज संपते. बशी नको, कारण डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात.

वाळवण सावलीत, वाऱ्याला, पण थेट पंख्याखाली नाही. एका बाजूने वारा लागला की कुंडी त्या बाजूला कलते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आपल्याकडे हवा कोरडी असते, सहा इंची कुंडी चार-पाच दिवसांत वाळते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच कुंडी दहा-पंधरा दिवसांनीही आतून दमट असते आणि कपाटावर ठेवलेल्या कच्च्या कुंडीला बुरशी येते. कुंभाराच्या वर्षात पावसाळा मंदीचा असतो तो उगाच नाही. नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या, संक्रांतीची सुगडं, उन्हाळ्याचे माठ असं त्याचं चक्र पाऊस सरल्यावर चालतं.

आपल्याला मात्र कुंड्या हव्या असतात जूनमध्ये, पहिल्या पावसाबरोबर रोपं लावायला. म्हणून बागवाल्याने पंचांग उलटं लावावं: थंडीत चाक, मार्च-एप्रिलपर्यंत भट्टी, मेमध्ये माती भरून तयार. पावसाळ्यात हुक्की आली तर पणत्या करा; त्या पातळ असतात, वाळतात, आणि दिवाळी पुढेच असते.

पूर्ण वाळली का हे गालाला लावून कळतं. गार लागली तर आत पाणी आहे. अशी कुंडी भट्टीत गेली तर पाण्याची वाफ होते आणि कुंडी फुटून शेजारच्या चार घेऊन जाते.

भट्टी

धारावीत कुंभारांच्या भट्ट्या विटांच्या, वरून उघड्या, आणि कापडाच्या चिंध्या, कापसाचा कचरा जाळून पेटवलेल्या असत. सोसायटीच्या गच्चीवर तसलं काही करण्याचा विचारही करू नका. आपल्याला ज्या स्टुडिओत शिकलो तिथली विजेची भट्टी, किंवा भाड्याने जागा देणारी दुसरी. भाडं बहुधा भट्टीतल्या जागेवर ठरतं, आणि इथे सरळ तिरप्या आकाराचा दुसरा फायदा मिळतो: कुंड्यांना ग्लेझ नसल्याने त्या एकमेकींना चिकटत नाहीत. एकात एक, काठाला काठ लावून चार-पाचचा थर लावता येतो. मोठीत मधली, मधलीत लहान असं रचलं तर एका मोठ्या कुंडीच्या जागेत तीन कुंड्या भाजून निघतात. स्टुडिओवाल्याला हे आधी सांगा; नाही तर मगांच्या सवयीने तो त्या सुट्या-सुट्या मांडेल आणि बिल वाढेल.

पहिले दोन-तीन तास १२० अंशांच्या आत, झाकण किंचित उघडं. मग ६०० अंशांपर्यंत तासाला साधारण १०० अंशांनी चढवा. ५७३ अंशांना मातीतल्या वाळूचे कण एकाएकी फुगतात, तिथे घाई केली तर बारीक चिरा पडतात. पुढे ९५० पर्यंत जरा वेगाने गेलं तरी चालतं. युरोपात कुंडी याहून जास्त भाजतात, कारण तिथे भिंतीतलं पाणी गोठून ती फुटते. ठाण्यात गोठण्याची भीती नाही. इथे ९०० ते ९५० पुरतं, आणि थोडी सच्छिद्र राहिलेली कुंडी झाडाला जास्त मानवते. पण ८०० च्या खाली थांबू नका, पहिल्याच पावसात काठ झडू लागतात. भट्टी १०० अंशांखाली उतरेपर्यंत उघडू नये. उत्सुकता प्रत्येकालाच असते, पण गरम कुंडीवर गार वारा गेला की ती तडकते.

हे काम पोटापाण्यासाठी करणाऱ्या कुंभार घरांनी, आणि त्यांच्या ओळखीच्यांनी, पंतप्रधान विश्वकर्मा योजनेची चौकशी जरूर करावी. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेतल्या १८ व्यवसायांत कुंभारकाम आहे. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज असं तिचं स्वरूप आहे. छंद म्हणून चाकावर बसणाऱ्यासाठी ती नाही. त्याला नीट, दीर्घ शिकायचं असेल तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीचा ग्रामोदय संघ आणि बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचं खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचं कुंभारकाम केंद्र ही दोन जुनी नावं चौकशीला घ्यावीत.

भट्टीतून आलेली प्रत्येक कुंडी बोटाच्या टोकाने वाजवून पाहा. टणत्कार आला तर ठीक. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे, दिसत नसली तरी. अशी कुंडी फेकू नका, हलक्या रोपाला वापरा किंवा कुटून पुढच्या मातीत घाला. चांगल्या कुंड्या रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. कोरडी नवी कुंडी पहिल्या दिवशी रोपाचं सगळं पाणी स्वतःच पिते, आणि त्या दिवशी सुकलेल्या रोपाचा दोष नर्सरीवाल्याला मिळतो. भोकावर एक वळणदार खापर उपडं ठेवा, फक्त माती वाहून जाऊ नये म्हणून. तळाशी खडीचा थर देऊन निचरा सुधारत नाही, उलट मुळांची जागा जाते. तुळशीला आठ इंची, मोगऱ्याला दहा इंची. पुदिन्याला खोल कुंडी लागत नाही, त्याला आठ इंचीच्या गोळ्यातून पसरट, बसकी कुंडी काढा, दोनच उचलींची.